उपासाचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

फलटणच्या पेठेत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. आषाढी जवळ आली, की गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न असतो : 'हे उपासाला चालतं का?' कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही. जिऱ्याला बहुतेकांची हरकत नसते; हळद-मोहरीचं मात्र कुणी नाव काढत नाही. काहींना मीठही सैंधवच लागतं. मी आपला सांगतो, 'तुमच्या आई करायच्या तसं करा.'

या यादीचा एवढा धाक बाळगण्याचं खरं तर कारण नाही. आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, टॅपिओका नावाच्या कंदापासून केलेला. तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलेले. माउलींच्या काळात साबुदाण्याची खिचडी नव्हती, म्हणून त्यांची एकादशी कुठे उणी पडली नाही.

साबुदाणा विकून माझं घर चालतं, तेव्हा खिचडी खाऊ नका असं मी कशाला सांगू? आणि कोण कशासाठी उपास करतं, याची झडती घेणाराही मी कोण? कुणाचा नवस असतो, कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणी सासूबाई करायच्या म्हणून करतं. मनातलं पांडुरंगाला ठाऊक. पण उपास करणाऱ्याची कळ कोण सोसतं, एवढं दुकानात बसून दिसतं.

आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंची एकादशीची यादी माझ्या डोळ्यांसमोर आहे. साबुदाणा दोन किलो, भगर एक किलो, राजगिऱ्याचं पीठ, शेंगदाणे, तूप. त्याखाली तूरडाळ आणि कोलम, कारण मुलांना उपास नसतो. सासऱ्यांना भगर आणि दाण्याची आमटी, नवऱ्याला खिचडी आणि संध्याकाळी थालीपीठ, पोरांना वरणभात. बाईंनाही कडक उपास असतो. पण सगळ्यांचं उरकून त्या टेकतात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. घरात देवाचं नाव घेणारे चौघं, राबणारी एकटी. पुण्याची वाटणी कशी होते कोण जाणे, कामाची तरी होत नाही.

याच पेठेत दुसरी तऱ्हाही बघतो. आमचे एक माळकरी गिऱ्हाईक महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना पाण्यावर असतात. घरात स्वयंपाक रोजचाच. चहा पुढे केला आणि त्यांनी हात जोडले, की मला तिथी कळते. आमचे जैन शेजारी उपासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी घेतात, सूर्यास्तानंतर तेही नाही. शरीराला झेपत नसेल त्याने असं मुळीच करू नये. पण या उपासांत दुसऱ्या कुणाला चुलीपुढे उभं राहावं लागत नाही, हे मला मोठं वाटतं.

याच्याही पुढचा एक उपास मला आठवतो. पंढरपुरात मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. त्यांना स्वतःला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायला कुणाची आडकाठी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी मंदिराचं दार उघडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पोट स्वतःचं मारलं आणि मागितलं दुसऱ्यासाठी. आपण उपास करून नोकरी मागतो, निकाल मागतो, पोरीचं लग्न मागतो. मागावं की, देव आपलाच आहे. पण त्या दिवशी घरातल्या एखाद्याचं ओझं तरी हलकं व्हावं.

सगळ्यांना काही गुरुजी होता येत नाही. आपल्याला जमेल असं एक सांगतो. येत्या एकादशीला ज्याला खिचडी हवी असेल, त्याने आदल्या रात्री साबुदाणा स्वतः धुऊन भिजत घालावा, सकाळी दाणे भाजून कूट करावं आणि परतायलाही स्वतःच उभं राहावं. पाणी जास्त झालं तर गोळा होतो, कमी पडलं तर दाणा टणक राहतो. जशी होईल तशी खावी, पण पहिली ताटली बायकोला द्यावी.