चिठ्ठी कोणी द्यायची?

रोग्याच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्य घालून तपासणी वा उपचार करायचे आणि नंतर वाटेत त्याला कोणी अडवील याची फिकीर मात्र त्याच्यावरच सोडायची, हा न्याय मला मान्य नाही.

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी एक हकीकत कळविली. थायरॉइडच्या विकारावर किरणोत्सारी आयोडीन घेतलेले ३४ वर्षांचे एक गृहस्थ. उपचारानंतर तीन आठवड्यांच्या आत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या दोन स्थानकांवर पोलिसांनी कपडे उतरवून त्यांची झडती घेतली. २००१ च्या हल्ल्यानंतरचा तो काळ. पोलिसांची धास्ती समजण्यासारखी आहे.

यंत्र चुकले नव्हते. विज्ञानशाखेच्या मित्रांना गणित ठाऊकच आहे. हाडांच्या वा हृदयाच्या चित्रणासाठी वापरतात त्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. आयोडीन-१३१ चे आठ दिवस, म्हणजे तीन आठवड्यांनीही सुमारे सहावा हिस्सा शिल्लक. (त्यातले काही लघवीवाटे आधीच गेलेले असते.) सहप्रवाशाला त्यापासून अपाय नाही, पण ही यंत्रे इतकी तल्लख असतात की आयोडीनच्या उपचारानंतर कित्येक आठवडे ती बोंब मारू शकतात. विमानतळावरची नेहमीची कमान फक्त धातू ओळखते, म्हणून पुष्कळांना हा प्रश्न कधी पडतच नाही.

पण कपडे उतरवून काय सापडणार होते? प्रत्येक द्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली: टेक्नेशियमची १४०, आयोडीनची मुख्यतः ३६४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ती मोजून द्रव्य ओळखणारी हातयंत्रे आहेत. औषध कोणते आणि बॉम्बचा माल कोणता, हे अंगाला हात न लावता कळते.

रुग्णालयाने न मागता चिठ्ठी द्यावी: द्रव्याचे नाव, मात्रा, तारीख, अर्धायुष्य आणि रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक. चिठ्ठी खोटी करता येते, हा पोलिसांचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तो क्रमांक हवा. चिठ्ठी इंग्रजीत असो, पण आपल्या भागातून पुण्या-मुंबईस वा बेंगळूरूस जाणाऱ्या रोग्याला ती कशासाठी जपायची हे मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावे. आणि परदेशी लेकाकडे निघालेल्या आईबापांना विमानाची तारीख विचारायची, ती औषध देण्यापूर्वी.