फेऱ्या मोजू नका, श्वास सोडा

"डॉक्टर, पोहणं काही जमलं नाही. दम लागतो आणि कंटाळाही येतो." ज्या निवृत्त शिक्षिकेला मी गुडघ्यांसाठी पोहायला पाठवले होते, त्या बाई पंधरा दिवसांत हे उत्तर घेऊन परत आल्या. वजन जास्त, साखर वाढलेली, चालायला गेले की गुडघे ठणकतात. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून त्यांच्यासाठी याहून चांगला व्यायाम मला सुचत नव्हता. पण चूक माझीच होती. आम्ही डॉक्टर कागदावर 'पोहणे' एवढेच लिहितो, कसे ते सांगत नाही.

आमच्या पिढीतले बरेचजण पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत शिकले. तिथे मान वर धरूनच पोहायचे, मुटके मारायचे. तलावात मात्र २५ मीटर सरळ जायचे आणि परत यायचे. मान वर धरली की पाय खाली जातात, शरीर तिरके होते आणि निम्मी ताकद पाण्याशी झगडण्यातच जाते. त्यात तोंड पाण्यात गेले की आपण श्वास कोंडतो. जीव कासावीस होतो तो बहुधा प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून! तेव्हा नजर तळाकडे ठेवा, पाण्यात सावकाश बुडबुडे सोडा आणि तोंड बाहेर आले की फक्त श्वास आत घ्या. मला स्वतःला हे पंचेचाळिशीनंतर समजले, तेही शेजारच्या लेनमधल्या एका शाळकरी मुलीने दाखवले म्हणून.

राहिला कंटाळा. सलग वीस फेऱ्यांचा हट्ट कशासाठी? एक फेरी मारा, काठ धरून अर्धा मिनिट थांबा, येताना उताणे पोहत या. पुढची फेरी हातात फळी धरून नुसते पाय मारत करा. घड्याळात अर्धा तास भरला की पुरे. तलाव चालवणाऱ्यांनीही एक लेन आमच्यासारख्या संथ मंडळींसाठी राखून ठेवावी. मागून पोरे धडकत असतील तर आनंद कसला मिळणार?

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पाण्यात उतरू नये. ग्लुकोजची पुडी काठावर ठेवावी आणि जीवरक्षकाला तसे सांगून ठेवावे. फिट येणाऱ्यांनी एकट्याने कधीच पोहू नये. छातीत दुखले तर लगेच बाहेर यावे.

बाई आता पुन्हा महिलांच्या वेळेत जाऊ लागल्या आहेत. परवा त्यांची तक्रार एवढीच होती की डोळे चुरचुरतात. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की असे होते. गॉगल वापरा, आणि अंघोळ तलावात उतरण्याआधी करा, नुसती नंतर नव्हे.