घराचा उंबरठा आणि पोलीस चौकी

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीची धडक बसून दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढे त्या निबंधावर महाराष्ट्रात जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलांच्या कोणत्याही प्रश्नावर क्वचितच झाली असेल. अज्ञान वयाची मर्यादा खाली आणावी काय, मंडळाने सौम्यपणा दाखविला काय, पैशाने न्याय वाकविला काय, हे सारे प्रश्न रास्तच होते. परंतु या गदारोळात सर्व पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली. मुलाचा आणि शासनाचा पहिला संबंध गुन्हा घडल्यानंतरच यावयाचा, ही ती गोष्ट होय.

हा समज किती महाग पडतो हे पाहावयाचे असेल तर महानगर सोडून मावळ तालुक्याकडे वळावे. गेल्या पन्नास वर्षांत तेथील घराचा आर्थिक पायाच बदलून गेला आहे. पवना धरणाने खोऱ्यातील जमीन पाण्याखाली नेली. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गाने उरलेल्या जमिनीचे भाव चढविले आणि भातखाचरांच्या जागी बंगल्यांचे भूखंड पाडले. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीने शेतकऱ्याच्या मुलाला कंत्राटी कामगार केले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. बारा वर्षे म्हणजे उद्योगाच्या इतिहासात काहीच नव्हे; पण २००८ मध्ये जन्मलेला मुलगा नेमका त्याच वेळी बारा वर्षांचा होऊन अडनिड्या वयाच्या उंबरठ्यावर उभा होता.

बापाचा अधिकार पूर्वी केवळ वडीलकीवर उभा नव्हता. भातलावणीच्या चिखलात मुलगा बापाच्या शेजारी वाकत असे. बाप रागीट असला, व्यसनी असला, तरी त्याच्या हातातले कसब मुलाला दिसत असे. आज बापाचे काम कारखान्याच्या फाटकाआड गेले आहे. मुलाला दिसते ती रात्रपाळीनंतरची चिडचिड, किंवा जमीन विकून घेतलेली आणि आता हप्त्यांअभावी दारात उभी राहिलेली मोटार. अशा बापाने ‘अभ्यास कर’ म्हटले तर त्या शब्दाला वजन कोठून यावे?

लोणावळ्याची तऱ्हा आणखी निराळी आहे. या गावाचा सुगीचा हंगाम म्हणजे शनिवार, रविवार आणि पावसाळा. खानावळी, चिक्कीची दुकाने, भाड्याने दिले जाणारे बंगले, भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या, या सगळ्यांना माणसे हवी असतात ती नेमकी शाळेला सुटी असेल तेव्हा. आई बंगल्याच्या स्वयंपाकघरात, वडील गाडीवर किंवा दुकानात, आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोकळा. तो एक तर स्वतःच चार पैसे मिळवू लागतो, अथवा सुटीची मौज करावयास आलेल्या श्रीमंतांकडे पाहत बसतो. शुक्रवार रात्रीपासून रविवार रात्रीपर्यंत दारू, बेफामपणा आणि सैल हाताने उधळलेला पैसा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. सोमवारी शाळेत त्याला काटकसरीवरचा धडा वाचावयाचा असतो!

असे एक घर कल्पावे. मुलगा दहावीत आहे. तो शाळेत जात नाही, रात्री उशिरा येतो, आईच्या डब्यातले पैसे घेतो, विचारले तर अंगावर धावून येतो. गुन्हा म्हणावा असे काही घडलेले नाही. पूर्वी अशा मुलाला काही दिवस मामाकडे पाठवीत. ही व्यवस्था कोणत्याही शासन निर्णयात नव्हती, पण ती काम करीत असे. घराला उसंत मिळे आणि मुलाला दुसरा पुरुष पाहावयास मिळे. आज मामा पिंपरीत दोन खोल्यांत राहतो आणि त्याचीही पोरे त्याच वयाची आहेत. वर्गशिक्षकाकडे जावे तर त्याच्यापुढे साठ मुले आणि वरची सरकारी कामे. शेवटी आई पोलीस चौकी गाठते आणि विनविते, “साहेब, जरा दम द्या त्याला.”

साहेब बहुधा सज्जनच असतात. कायद्याने प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि वेळ मिळाला तर तो समजुतीचे चार शब्द सांगतोही. पण त्या भेटीत मुलगा दोन गोष्टी शिकतो. चौकीत जाऊन परत येता येते ही पहिली. आणि आपली आईच आपल्याला येथे घेऊन आली ही दुसरी. यातील दुसरी अधिक घातक आहे.

या आईसाठी कायद्यात कधी काळी एक दार होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात ‘अनावर’ मुलांविषयी स्वतंत्र कलम होते. मुलावर आपला ताबा चालत नाही, अशी तक्रार पालकाने मंडळापुढे केली तर चौकशी होई आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठविता येई. तरतूद क्रूर होती. घरातल्या भांडणाचा निवाडा मुलाला घराबाहेर काढून करावयाचा, असाच तिचा अर्थ होता. २००० च्या नव्या कायद्यात ते कलम राहिले नाही आणि २०१५ च्या कायद्यातही ते परतले नाही, हे उत्तमच झाले. मात्र ते दार बंद करताना त्याच्या शेजारी दुसरे उघडावयाचे राहून गेले. आजचा कायदा दोन प्रकारची मुले ओळखतो. कायद्याशी संघर्ष आलेले मूल बाल न्याय मंडळाकडे जाते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीकडे. आईबापांशी संघर्ष आलेले, पण अद्याप घरातच जेवणारे आणि झोपणारे मूल या दोहोंत कोठे बसते?

अमेरिका याच वाटेने गेली. न्यूयॉर्क राज्याने १९६२ मध्ये अशा मुलांसाठी ‘देखरेखीची गरज असलेली व्यक्ती’ असा वर्ग निर्माण केला आणि पालक त्यांना न्यायालयात खेचू लागले. १९७४ च्या संघीय कायद्याने अशा, गुन्हा न केलेल्या मुलांना कोंडून ठेवण्याविरुद्ध पाऊल उचलले. पुढे न्यूयॉर्कनेच आधी कुटुंबाला मदत देण्याचा प्रयत्न व्हावा, मगच न्यायालय, असा क्रम ठरविला. भारताने कोंडणे सोडले. मदतीची पायरी मात्र बांधली नाही.

योजना नाहीत असे कोणी म्हणणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा आता शासन चालविते, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे, पोलिसांचे भरोसा सेल आहेत. भाजे येथील संपर्क बालग्राम निराधार मुलांना आसरा देते. ‘मिशन वात्सल्य’खाली गरजू कुटुंबातील मुलासाठी दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत तर पालकांतील तीव्र बेबनावाचाही विचार केलेला आहे. पण तो पती-पत्नीतील बेबनाव. पालक आणि मूल यांच्यातील नव्हे. आणि यातील बहुतेक सेवांचे माणूस म्हणून भेटण्याचे ठिकाण पुण्यात आहे. लोणावळ्याहून येरवडा साठ-सत्तर किलोमीटर. लोकल, मग बस, आणि एका दिवसाची मजुरी बुडते. कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार उघड्या. भर म्हणून एका तालुक्याचे पोलीसही दोन ठिकाणी वाटलेले आहेत. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, तर वडगाव, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये.

मुलींच्या बाबतीत ही उणीव अधिक भीषण रूप घेते. भांडण सुरू होते मोबाइलवरून. सोळा-सतरा वर्षांची मुलगी कोणाशी बोलते, हा प्रश्न. मग फोन काढून घेणे, मारहाण, शाळा बंद, लग्नाची घाई. एके दिवशी ती त्या मुलाबरोबर निघून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार बेपत्ता मुलाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. ती सापडल्यावर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो, ज्याच्या दृष्टीने अठराच्या आतील मुलीच्या संमतीला अर्थ नाही. मुलगा निरीक्षणगृहात किंवा तुरुंगात, मुलगी बालगृहात, आणि आईबाप साक्षीदारांच्या यादीत. जे घर सहा महिन्यांपूर्वी नुसते भांडत होते ते आता तीन ठिकाणी विखुरते. त्या टप्प्यावर समुपदेशक आला तरी त्याचे हात बांधलेले असतात, कारण लैंगिक संबंधाची माहिती मिळताच ती कळविण्याची सक्ती त्याच्यावरही आहे. म्हणूनच त्याची गरज फोन काढून घेतला त्या आठवड्यात आहे, नंतर नव्हे.

यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. लोणावळ्यात एक आणि वडगावात एक असे दोन प्रशिक्षित समुपदेशक, आणि त्यांच्या बसण्याची वेळ बंगल्यांतील कामाच्या वेळापत्रकाशी जुळलेली असावी. लोणावळ्यात ती सोमवार-मंगळवारची संध्याकाळ असेल, तळेगाव-वडगावकडे रविवार. पैसा? ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के आणि नगरपरिषदांनी पाच टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. कारखाने आणि बंगले यांच्या घरपट्टीवर मावळातील कित्येक ग्रामपंचायती सुस्थितीत आहेत. हा पैसा बहुधा शिलाई यंत्रे आणि साहित्यवाटप यांवर जातो. शिलाई यंत्राचे छायाचित्र निघते, समुपदेशनाचे निघत नाही. चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एका समुपदेशकाचा पगार देणे अशक्य नाही.

घरची लक्तरे कोण बाहेर काढणार, लोक येणारच नाहीत, हा आक्षेप अपेक्षित आहे. पण जी आई चारचौघांदेखत चौकीची पायरी चढते तिला शाळेच्या एखाद्या खोलीत येणे जड जाईल असे मानण्यास आधार नाही. अडचण बापाची आहे. तो येणार नाही, आणि आला तर पहिल्या भेटीत मुलाच्या तक्रारींचाच पाढा वाचील. त्याला दोनदा-तीनदा बोलवावे लागेल. कंत्राटी कामगाराला त्यासाठी पाळी बदलून मिळावी म्हणून ठेकेदाराशी कोणाला तरी बोलावे लागेल. आणि एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळावे लागेल: या खोलीतील नोंदवही पोलिसांकडे जाणार नाही, शाळेच्या दाखल्यावर तिचा शेरा उमटणार नाही, आणि गुन्ह्याची माहिती कळविणे कायद्याने जेथे भाग आहे ती मर्यादा मुलाला बोलावयास बसविण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली जाईल.