विश्लेषण : वेग भरपूर, तरी दुसरा कन्सोल का अडतो?

हिंजवडीच्या आयटी पार्कपासून ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेल्या मुळशी तालुक्यात घरी फायबर असो वा वायरलेस इंटरनेट, दोन कन्सोलवर एकदम ऑनलाइन खेळताना गेम अडला की महागडा प्लॅन घेतला जातो. दोष मात्र अनेकदा वेगाचा नसतो.

मग अडते कुठे?
एक्सबॉक्स नेटवर्क ३०७४ क्रमांकाचे पोर्ट वापरते. दोन एक्सबॉक्सना तेच हवे असले, की मित्रांशी जोडणी आणि व्हॉइस चॅट अडू शकते.

उपाय काय?
राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ सुरू करावे, दुसऱ्या एक्सबॉक्सला पर्यायी पोर्ट द्यावे. राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग घरातली खटपट पुरत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच मागावा लागतो.