समाजशास्त्राचें शिक्षण व आमचीं घरें

बारावीचा निकाल लागल्यावर चार दिवसांनीं आमच्या गांवचे एक रापणकार गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या घरीं आले. मुलगी आमच्याच मराठी शाळेंत शिकलेली, हुशार. तिला कॉलेजांत समाजशास्त्र घ्यावयाचें आहे. बाप ओटीवर बसला व म्हणाला, "गुरुजी, ह्यां शिकान चेडवाक काय गावतला? नर्स झाली तर पगार तरी येतलो." प्रश्न रास्त आहे. पावसाळा तोंडावर आलेला, होडी किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारलेली. अशा माणसानें पोटाचा हिशेब आधीं करावा यांत गैर तें काय? त्यास आम्हीं जें उत्तर दिलें, तें दुसऱ्या पुष्कळ घरांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम समाजशास्त्र म्हणजे काय तें पाहूं. माणसें एकत्र कशीं राहतात, राबतो कोण व वांटा कोणास मिळतो, कोणाची मुलगी कोणाच्या घरीं दिली जाते व कोणाच्या दिली जात नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें, मोजावें, लिहून काढावें व त्याचीं कारणें शोधावीं, हें या शास्त्राचें काम. रापणीचेंच उदाहरण घ्या. अनेक घरांचे हात एका जाळ्याला लागतात. मासळी वाळूवर आली म्हणजे वांटे पडतात. जाळ्याचा वांटा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, हें ठरलेलें असतें. हा नियम कोणीं केला? तो मोडणाऱ्याचें काय होतें? पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणाऱ्या बाईचे श्रम कोणत्या वांट्यांत धरले जातात? हे सारे समाजशास्त्राचे प्रश्न आहेत. रापणकाराच्या मुलीला ते लहानपणापासून ठाऊक आहेत. त्यांचें उत्तर पुराव्यानिशीं कसें काढावें, ही रीत मात्र तिला विद्यापीठांत शिकावी लागेल.

हें शास्त्र आपल्या किनाऱ्यास परकें आहे असेंही कोणी समजूं नये. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला व पॅट्रिक गेडीस नांवाचे स्कॉटलंडचे विद्वान त्याचे पहिले प्रमुख झाले. १९२४ सालीं ती जागा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांजकडे आली. हे घुर्ये १८९३ सालीं आपल्या मालवणांत जन्मले. केंब्रिजची पदवी घेऊन ते परत आले आणि १९५९ सालापर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, त्यांनीं हा विभाग चालविला. इरावतीबाई कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी. जात व वंश यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ सालीं निघाला. जातीचीं लक्षणें कोणतीं तें त्यांत त्यांनीं एकेक करून मांडलें. देशभर शिकविलें जाणारें हें शास्त्र ज्यांनीं रुजविलें, त्यांतील एक प्रमुख पुरुष मालवणचा, ही गोष्ट आमच्या किती घरांना ठाऊक आहे?

आतां दुसऱ्या पुरुषाकडे पाहा. त्यांचें मूळ गांवही कोंकणांतलेंच, मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन अमेरिकेंत गेलेल्या भीमराव आंबेडकरांनीं ९ मे १९१६ रोजीं कोलंबिया विद्यापीठांत जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. तेव्हां त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें. जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या सक्तीवर सारी जातिसंस्था उभी आहे, आणि ती सक्ति टिकविण्यासाठींच सती, सक्तीचें वैधव्य व बालविवाह या चाली आल्या, असें त्यांनीं त्यांत दाखविलें.

दोघेही मोठे व्यासंगी, दोघांचा विषय एकच. परंतु एक सारस्वत ब्राह्मण कुळांतले, दुसरे महार कुळांतले; जातीचा जाच एकानें ग्रंथांतून व निरीक्षणानें जाणला, दुसऱ्यानें शाळेंत वेगळें बसून जाणला. घुर्ये यांचा सरकारी नोकऱ्यांतील जातवार राखीव जागांना विरोध होता, आंबेडकरांनीं त्यांसाठीं जन्मभर झुंज घेतली. यावरून घुर्ये यांचा ग्रंथ फेकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो वाचावा व जेथें पटत नाहीं तेथें पुराव्यानें खोडावा. पण खोडण्यासही तेंच शास्त्र शिकावें लागतें. पाहणारा ज्या दारांत उभा असतो तेथून त्याला घराची एकच बाजू दिसते. आमच्या दारांतून पाहणारा कोणी नसेल, तर आमची बाजू कागदावर येणार तरी कशी?

आजवर बहुधा असेंच झालें आहे. आमचें गांव, आमचे बलुतेदार, आमचे सणवार यांवर दुसऱ्यांनीं लिहिलें व आमच्या मुलांनीं तें परीक्षेसाठीं पाठ केलें. १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें व मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ सालीं राज्य सरकारनें निर्बंध घातले, तरी समुद्रांतलें भांडण मिटलेलें नाहीं. अशा प्रत्येक वेळीं अधिकारी विचारतात, "तुमचा आंकडा काय? लेखी पुरावा काय?" आमचीं माणसें मोर्चा नेतात, घसा फोडून सांगतात, पण किती घरें रापणीवर जगतात, किती बाया मासळी विकतात, कर्ज कोणाचें व किती, याचा आपण स्वतः केलेला तक्ता हातीं नसतो. ओरडीची दखल दोन दिवस घेतली जाते. तक्ता मात्र दप्तरांत राहतो व दहा वर्षांनींही कामास येतो.

आणखी एक गोष्ट. या देशांतील सर्व जातींचे जनगणनेंत प्रसिद्ध झालेले आंकडे १९३१ सालचे. पुढील जनगणनेंत जातींची नोंद होईल, असें केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं जाहीर केलें. जनगणनेचे कागद घेऊन घरोघर जाण्याचें काम आम्हां शिक्षकांच्याच वांट्यास येतें, तेव्हां आम्ही अनुभवानें सांगतों कीं, आंकडा गोळा करणें सोपें, त्याचा अर्थ लावणें कठीण. गाबीत, भंडारी, कुणबी, कुंभार, महार यांच्या घरांतील मुलें हा अर्थ लावावयास शिकलीं नाहींत, तर तो दुसरे लावतील व आपणांस ऐकून घ्यावा लागेल.

आतां पोटाचा प्रश्न. त्यांत आम्ही कोणाची फसवणूक करणार नाहीं. समाजशास्त्राची पदवी घेतली कीं नोकरी दारांत उभी राहते असें नाहीं. शिक्षकी, समाजकार्याच्या संस्था, पाहणीचीं कामें, स्पर्धा परीक्षा हे मार्ग आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत हा ऐच्छिक विषय आहे. पण प्रत्येक वाटेवर गर्दी आहे. शिवाय मोठे ग्रंथ बहुतेक इंग्रजींत, तेव्हां इंग्रजी वाचनाची तयारी पाहिजे. सोपा विषय म्हणून घ्यावयाचा व गाईड घोकून पास व्हावयाचें असेल, तर तीन वर्षें फुकट जातील. घरांत कर्ज असून ताबडतोब पगाराची गरज असेल, तर नर्सिंगला जावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु थोडी सवड असेल, मुलीस वाचनाची आवड असेल, तर तिची वाट अडवूं नये. आपल्या जिल्ह्यांतील कॉलेजें मुंबई विद्यापीठाखालीं येतात. बी.ए. येथेंच होईल, पुढें मुंबईंत कलिना येथें एम.ए. करतां येईल. शिष्यवृत्त्यांची चौकशी मुदतीच्या आंत करावी.

विद्यापीठ हें परक्याचें घर समजून आपण बाहेर उभे राहूं नये. उच्च शिक्षणाचा खर्च शेतकऱ्याच्या करांतून होतो व लाभ वरच्या जातींस मिळतो, हें महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें होतें. ज्यास आपल्या घामाचा पैसा लागला आहे, त्या घरांत आपल्या लेकरानें बसावें, हें मागणें भिकेचें नव्हे.

शिकणाऱ्या मुलामुलींसही एक अट आहे. शहरांत जाऊन आपल्याच माणसांस अडाणी म्हणण्यासाठीं हें शास्त्र नाहीं. ज्या वाडीची पाहणी कराल, त्या वाडींत बसून आपलें लिखाण मराठींत वाचून दाखवा. चुकलें तें तीं माणसें सुधारतील.

एवढें ऐकून तो बाप उठला व म्हणाला, "तिच्या आवशीक इचारतंय." हें आम्हांस फार आवडलें. ती माउली रोज पाटी घेऊन बाजारांत जाते. तिला आमची एवढीच विनंति आहे कीं, बाई, तुझ्या श्रमाचा वांटा कोणत्याही वहींत लिहिलेला नाहीं. तो लिहावयास तुझी मुलगी तयार आहे. प्रवेशाच्या अर्जास अजून आठ दिवस आहेत.