ययाति आणि पुण्णिका

अभिजात साहित्य वाचून आमच्या मुलांना काय मिळणार, असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांना पुस्तकातून आधी नोकरी हवी असणे स्वाभाविकच. परंतु शिकण्याची आज्ञा देणाऱ्या बाबासाहेबांनी दादरला राजगृह उभारले ते ग्रंथांसाठी, याचेही स्मरण असू द्यावे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील घेऊ. कोल्हापुरात राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिला लाभला. मराठीला मिळालेला तो पहिलाच. भोगाने वासना शमत नाही, एवढे सांगून बहुतेक जण या कादंबरीचे विवेचन आटोपतात. आमच्या मते खरा विषय त्यापुढे आहे. आपले सुख लांबविण्यासाठी ययाती पोटच्या मुलाचे तारुण्य मागतो. शर्मिष्ठा राजकन्या असूनही देवयानीची दासी होते. एकाचे सुख दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा केले जाते! शतकानुशतके ही वजाबाकी सोसलेल्या समाजाच्या मुलांनी ‘सुख वाईट काय?’ यापेक्षा ‘ते कोणाच्या जिवावर?’ असे विचारीत ही कादंबरी वाचावी.

तथागतांनी सुखाला शत्रू मानले नाही. देहदंड त्यांनी स्वतः करून पाहिला, सोडला, सुजातेची खीर स्वीकारली. पहिल्याच प्रवचनात कामसुखात बुडणे आणि शरीराला छळणे ही दोन्ही टोके त्याज्य ठरविली. तेव्हा वाचनातील आनंद मुलांना नाकारणे धम्माला धरून आहे, असे कोणी समजू नये.

जीवनाचा अर्थ राजेच शोधतात असेही नाही. भिक्खुणींच्या पाली रचनांच्या ‘थेरीगाथे’त पुण्णिका भेटते. ती पाणी भरणारी दासी. मालकिणींच्या माराच्या धाकाने ऐन थंडीत नदीत उतरणारी. तेथे पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती म्हणते, पाण्याने मुक्ती मिळत असती तर बेडूक आणि कासवे केव्हाच स्वर्गाला गेली असती. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्य तरी मागे कशाला ठेवील? दोघेही भीतीपोटीच पाण्यात उभे आहेत. आपली भीती कशाची, हे दासीला मात्र ठाऊक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. यात कोणाच्या श्रद्धेची टिंगल नाही. पुण्णिकाही ती करीत नाही. गारठलेल्या माणसाला ती विचार करायला लावते, आणि तो बुद्धाला शरण जातो.

वसतिगृहात आठवड्यातून एक तास तरी परीक्षेशी संबंध नसलेल्या वाचनाला मिळावा, अशी आमची मागणी आहे. माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाला भेट पाठविताना ‘ययाति’ आणि मराठी ‘थेरीगाथा’ या दोन्ही पाठवाव्यात. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका आमच्या कपाटात पुरेशा आहेत.