रंग नंतर

"अजून ते धूड विकलं नाहीस?"

गेल्या महिन्यात एका लग्नात, ऐन पंगतीत, आत्याने पुन्हा विचारलं. हा प्रश्न मला वर्षातून चारदा तरी येतो आणि विचारणारे बहुतेक इथे वाचतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पुढच्या लग्नात जिलबीकडे नीट लक्ष देता येईल.

धूड म्हणजे मामाची राजदूत 350. मूळ गाडी यामाहाची आरडी 350. सत्तरच्या दशकातली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, 347 सीसी. एस्कॉर्ट्सने 1983 पासून ती परवान्यावर भारतात बनवली आणि त्या दशकाच्या शेवटी बंद केली. पहिल्या, हाय टॉर्क मॉडेलची ताकद 30.5 बीएचपी. त्या वेळच्या बुलेटची 18! परदेशातल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम मिळाला. पेट्रोल तर ती अक्षरशः ढोसायची. 1985 मध्ये शंभर सीसीच्या काटकसरी जपानी गाड्या आल्या आणि हिचं गिऱ्हाईक आटलं.

मामा जालना एमआयडीसीत रोलिंग मिलवर होता. त्याने ही 1991 मध्ये सेकंडहँड घेतली. तो गेल्यावर ती सात वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मग मी घरी आणली आणि चार लोक करतात तेच केलं. तिला 'रिस्टोर' करायला घेतली.

टाकीला रंग, सायलेन्सर आणि मडगार्डला क्रोम, नवी सीट, जुन्यासारखे दिसणारे नवे बिल्ले. इंजिनाचं काय? कार्बोरेटर साफ केले, प्लग बदलले, दोन-चार किकमध्ये सुरू झाली. झालं की! फोटो काढले. तुम्ही सगळ्यांनी 'वा वा' केलं. मीही हुरळून गेलो.

एक गोष्ट मात्र खटकत होती. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज लगेच खाली यायचा नाही, क्षणभर वरच रेंगाळायचा. मला वाटलं, गाडीतला जोश आहे.

तर झालं असं, की अंबड रोडवर सत्तरच्या वेगात एक सिलिंडर सीज झाला. मागचं चाक जागच्या जागी धरलं आणि गाडी फरफटत आडवी व्हायला लागली. क्लच दाबला गेला तो विचार करून नव्हे, हाताच्या सवयीने. मागून ट्रक येत नव्हता, हे नशीब. आणि माझ्या मागे सीटवर भाचा बसला होता, तेव्हा आठवीत असेल.

ताई, हे तुला आज पहिल्यांदाच कळतंय. तेव्हा आम्ही दोघांनी 'पेट्रोल संपलं होतं' असं सांगितलं होतं. फोन करून जे बोलायचं ते बोल, ऐकून घेईन.

गाडी टेम्पोत घालून एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या चाचांकडे नेली. चाचांचं रोजचं काम रोलिंग मिलचे रोल टर्न करण्याचं. मामाची गाडी त्यांनी ओळखली. रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन उघडलं आणि डाव्या बाजूचं क्रँकचं सील माझ्या तळहातावर ठेवलं. रबर कसलं, वाळलेल्या चामड्याचा तुकडा. "बेटा, रंग बाद में," एवढंच म्हणाले.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून क्रँककेस हवाबंद लागते. डावं सील गळलं की तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते आणि पिस्टन फुगून धरतो. उजवं गळलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि मागे धुराचा लोट. दोन सिलिंडरच्या मधलं सील तर क्रँक प्रेसवर खोलल्याशिवाय बदलताच येत नाही. आवाज वर रेंगाळत होता तो जोश नव्हता, पूर्वसूचना होती.

पुढे दोन महिने काम चाललं. क्रँक प्रेसवर खोलला, बेअरिंग आणि सगळी सीलं नवी घातली, डायल गेज लावून मिलिमीटरच्या शतांशांत सरळ केला. ब्लॉकला बोर मारायच्या आधी चाचांनी पिस्टन मागितले. आधी पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापाने बोर. पुढचा ड्रम चाकासकट लेथवर घेऊन गोल केला. या सगळ्याचा खर्च रंग-क्रोमच्या निम्मासुद्धा झाला नाही. आणि यातलं काहीही फोटोत दिसत नाही.

माझं मत इथे आहे. जुन्या गाडीचा पैसा आणि वेळ आधी आत गेला पाहिजे, जे दिसत नाही त्यात. रंग उरला तर. आज या गाड्यांना भाव आलाय म्हणून भराभर चमकवून विकल्या जातात. एक गाडी चमकवायला दुसरी धडकी गाडी सुटी केली जाते. मग ती दिवाणखान्यात किंवा प्रदर्शनात उभी राहते. उभ्या गाडीचं रबर वाळतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते, बाहेरचा रंग कितीही झकास असो. शिवाय त्याने मिश्रण पातळ होतं, म्हणून जेटही बघावा लागतो.

एक मित्र म्हणतो, इतिहास जसा होता तसा दिसायला नको का? हवा ना. पण मामाची गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी कशी दिसत होती, हे मामालाही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होती ती टाकीवर डब्याच्या पिशवीने घासून पडलेली पांढरी रेघ. ती मी पैसे देऊन पुसून टाकली. ते आता कुठल्याच लेथवर दुरुस्त होत नाही.

आमच्या जालन्यात भंगाराचं कुणाला कौतुक नाही. गावोगावचं भंगार ट्रकने इथे येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन निघतं. भट्टी रंग बघत नाही. माझ्या मते चालणारं यंत्र आणि भंगार यांत फरक एवढाच, की ते उघडून पुन्हा जोडणारं कुणीतरी गावात आहे. चाचांचा मुलगा सीएनसीवर आहे, चांगलं कमावतो, त्याला टू-स्ट्रोकशी देणंघेणं नाही. त्यात त्याची काही चूकही नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक गृहस्थ आले होते. किंमत ऐकून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते. त्यांनी गाडी चारी बाजूंनी पाहिली, बिल्ले पाहिले, फोटो काढले. सुरू करून दाखवा, असं एकदाही म्हणाले नाहीत. चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

तर आत्या, नाही विकली. दर रविवारी भोकरदन नाक्यापर्यंत जाऊन येते. भाचा आता डिप्लोमा करतोय. परवा दोन्ही सिलिंडरचं पॉइंट टायमिंग त्याने एकट्याने लावलं. डावीकडचं जरा चुकलं होतं, पुन्हा लावायला लावलं.

ता. क. : कुणाच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल, तर रंगाऱ्याला फोन करू नका. आधी क्रँकचं सील बघा.